पागोळ्यांमधली कोरडी जागा

१

चिमीला वाटलं होतं, खोली उघडली की बाकावर टेकायला जागा उरणार नाही. दोन घरांच्या कामांमधल्या वेळात पावसात अडकलेल्या बाया येतील, छत्र्या खुंट्यांना लटकवतील, नळाखाली पाय धुतील, आपापल्या मालकिणींची यथेच्छ उणीदुणी काढतील, आणि भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात चहा पिताना आपल्याला ते हसणं ऐकू येईल. प्रत्यक्षात नवव्या दिवशीही बाक कोरा करकरीत होता. बाया मागच्या गल्लीतून यायच्या, पायरी चढायच्या, आत डोकवायच्या. मग, आत आधीच कुणी असावं तसं, "असू दे, असू दे" म्हणत मागे सरायच्या आणि समोरच्या झाडाखाली अर्ध्यामुर्ध्या भिजत उभ्या राहायच्या.

"फुकटचं कुणाला पचत नाही बये," आई म्हणाली. "त्यांना वाटत असेल, बसलं की लसूण सोलायला लावतील."

चिमी हे काही तिचं कागदोपत्री नाव नव्हे. चौकटीला डोकं लागेल इतकी ती वाढली, समुद्रापार जाऊन घरं बांधायचं शास्त्र शिकून आली, पण घरात चिमीची चिमीच राहिली. परत आल्यावर पंधरा दिवसांत तिनं नकाशा काढून जेवणाच्या टेबलावर पसरला. घराच्या मागच्या भिंतीला लागून, गल्लीच्या बाजूला, दहा बाय आठची एक खोली. गल्लीकडून सदा उघडी. या गावात वर्षातले सात महिने पाऊस, आणि दुसऱ्यांची घरं कोरडी ठेवणाऱ्या बायकांना डोकं कोरडं ठेवायला जागा नाही, हे तिला सहन होत नव्हतं.

"छप्पर हा हक्क आहे, आई. उपकार नव्हे."

"हो का? मग आपल्या न्हाणीघरावरचा हक्क गळतोय, तो आधी बघ."

पण आईनं अडवलं नाही. पोरगी परत आली होती, तिच्या डोळ्यांत काही तरी पेटलेलं होतं. ते विझवायला आईचं मन धजलं नाही.

२

गवंडीकाका जुन्या वळणाचे. तोंडात कायम एक खिळा, नाही तर एक म्हण. खोली कुणासाठी हे चिमीनं त्यांना समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी खिळा काढून हातात घेतला.

"म्हणजे वळचणीचं पाणी आढ्याला न्यायचं म्हणता."

"न्यायचंच," चिमी म्हणाली.

"न्या की. मग हे दार?"

स्वयंपाकघराचं जुनं मागचं दार तिथंच होतं. त्याच्यावर छपराची वीतभर पुढे आलेली वळचण. नव्या खोलीसाठी वळचण कापायची होती, आणि दार नव्या खोलीत उघडलं असतं.

"दार बुजवायचं. विटांनी."

"बुजवायचं?" काकांनी भुवया वर नेल्या. "मग पाणी आढ्याला जाणार कुठून, इंजिनीअरबाई?"

ती जरा अडखळली. मग ओल कशी चौकटीतून आत शिरते, हवा कशी खेळती राहायला हवी, हे तिनं भराभर सांगितलं. "शिवाय त्यांनाही मोकळेपणा हवा. आणि आपल्यालाही."

शेवटचे दोन शब्द तोंडातून निघाले तसे तिला ते ऐकू आले. काकांनाही आले असावेत. खिळा पुन्हा तोंडात गेला.

वळचण उतरवायच्या आधी त्यांनी खालच्या फरशीकडे बोट दाखवलं. वर्षानुवर्षं पागोळ्या पडून दगडात खळग्यांची एक ओळ कोरली गेली होती, दोरी लावून काढल्यासारखी सरळ. फक्त एका जागी, दाराच्या उजव्या हाताला, खळगे नव्हते. तिथला दगड गुळगुळीत होता.

"इथं कुणी तरी उभं राहायचं बघा. रोजचं."

"कुंडी असेल," चिमी म्हणाली.

"असेल. फरशीला कुठं बोलता येतंय."

त्या फरशीवरच त्यांनी भराव घातला, वर काँक्रीट, वर राखाडी लाद्या. नवा पत्रा जुन्या भिंतीत चार बोटं खोचून जोड डांबरानं बुजवला. चिमीनं स्वतः पत्र्यावर पाइपानं तासभर पाणी सोडून पाहिलं. आत थेंब नव्हता. त्या दिवशी तिला आपल्या शिक्षणाचं सार्थक झाल्यासारखं वाटलं होतं.

३

दहाव्या दिवशी दुपारी पाऊस नुसता कोसळत होता. चिमी खोली पुसायला गेली आणि उंबऱ्यातच थांबली.

लादीवर ओले ठिपके होते. जुन्या भिंतीपासून वीतभर अंतरावर, एका रांगेत, वीत-वीत सोडून. ती बघत असतानाच ठिपके वाढत होते. थाळीएवढे झाले, एकमेकांना भिडले.

तिनं वर पाहिलं. बाकावर चढून पत्र्याला आतून तळवा लावला. कोरडा. जोडावर बोट फिरवलं. कोरडा. एका ठिपक्याच्या वर तिनं हात धरला आणि वाट पाहिली. हातावर काही पडलं नाही. हाताखालची लादी मात्र भिजतच राहिली.

शास्त्र शिकलेलं माणूस इतक्यात हार मानत नाही. बाहेर गार, आत उबदार, म्हणजे लादीला घाम सुटतो, असं तिनं स्वतःला सांगितलं. घाम रांगेत सुटतो का, हा प्रश्न तिनं उद्यावर टाकला. रद्दीतले कागद आणून भिंतीलगत अंथरले, वर विटेचे तुकडे ठेवले. तासाभरानं येऊन पाहिलं. कागदांवर ठिपक्यांची ओळ उमटली होती, वरून पडल्यासारखी, कडांना शिंतोडे उडालेली.

आणि त्या ओळीत एक जागा सुटली होती. बुजवलेल्या दाराच्या उजव्या हाताला. तिथला कागद कुरकुरीत कोरडा होता, माणूस मावेल एवढा.

चिमीनं कागद गोळा केले, चुरगळले, आणि आईच्या नजरेस पडू नयेत म्हणून गल्लीतल्या कचऱ्यात नेऊन टाकले. असं का केलं, हे तिला सांगता आलं नसतं. लपवायचं काय होतं त्यात? पण कान तापले होते, चोरी उघडी पडल्यावर तापतात तसे.

४

शेजारच्या बंगल्यात केर काढणाऱ्या मावशी तोंडानं फटकळ. गल्लीत कुणाचं काय चाललंय ते त्यांच्याकडून कळायचं. दुसऱ्या दिवशी त्या झाडाखाली उभ्या होत्या, पदराचा बोळा डोक्यावर धरून. चिमी छत्री घेऊन त्यांच्यापाशी गेली.

"मावशी, आत बसा ना. खोली तुमच्यासाठीच आहे."

"छान आहे गं खोली. आमच्या घरापेक्षा छान. खुंट्या तर काय, लग्नघर वाटतंय."

"मग भिजताय कशाला?"

"नको. बरं दिसत नाही."

"कुणाला बरं दिसत नाही? आत कुणीच नाही."

मावशींनी तिच्याकडे पाहिलं. खोटं बोलणाऱ्या मालकिणीकडे बाया पाहतात तसं, सवयीनं, न रागावता.

"हे बघ, तू परदेशात शिकलीस, तुला ठाऊक नसेल. मागच्या दाराची एक रीत असते. आधी आलेली आधी आत. एकीला ताटकळत ठेवून दुसरीनं पुढं जाऊन बसायचं नसतं. त्या बाईंना आधी घ्या. मग आम्ही येतो."

"कोणत्या बाई?"

"आम्ही नाव नाही विचारलं. डोक्यावर प्लास्टिकच्या गोणीची खोळ आहे. तोंड दाराकडं."

"तिथं दार नाही, मावशी. बुजवलंय."

"ते आम्हाला दिसतंय की," मावशी म्हणाल्या. "त्यांना कुणी सांगितलं का?"

छत्रीवर पाऊस तडतडत होता. चिमीनं काही तरी विचारायचं म्हणून विचारलं, "काही बोलल्या का त्या?"

"बोलतात की. आमच्यातल्या सुमनबाईला म्हणाल्या, मला म्हणाल्या. एवढंच, 'होऊ दे सावकाश.'"

चिमीच्या हातातली छत्री कलली आणि तिची अर्धी पाठ भिजली. तिला ते कळलंच नाही.

५

चिमीच्या लहानपणी मागच्या दारानं एक बाई यायची, तिला घरात सगळे सावकाशमावशी म्हणायचे. भांडी घासायला यायची. उंच, हाडकुळी, डोक्यावर गोणीची खोळ. मागच्या दाराशी येऊन एकदाच हाक मारायची, आणि आतून "आले, आले" म्हटलं की म्हणायची, "होऊ दे सावकाश, मी आहे." दार उघडेपर्यंत ती वळचणीखाली उभी. वळचण इतकी तोकडी की पाठ भिंतीला टेकली तरी पागोळ्या खांद्यावर. तिला पुढच्या दारानं ये असं कधी कुणी म्हटलं नाही. तसं म्हणायचं असतं हेच कुणाला सुचलं नाही.

चिमी दहा वर्षांची होती. पावसानं शाळेला सुट्टी. आई तापानं झोपलेली. "मावशी आल्या की कडी काढ हं," एवढं सांगून तिनं कूस बदलली होती. मावशी आली, हाक मारली. चिमी स्वयंपाकघरात पोटावर पालथी पडून गोष्टीचं पुस्तक वाचत होती. "एक मिनिट," ती म्हणाली. बाहेरून आलं, "होऊ दे सावकाश."

मग तिनं वाचलं. धडा संपला, पुढचा लागला. मावशीवर राग नव्हता, भांडण नव्हतं, काही नव्हतं. फक्त जमीन उबदार होती आणि कडी वर होती. मधे एकदा आठवलं, पण आता इतका उशीर झालाय की दार उघडायची लाज वाटते, असं वाटून ती तशीच पडून राहिली. दोन तासांनी कडी काढली तेव्हा बाहेर कुणी नव्हतं. पायरी ओलीचिंब होती, आणि तिच्यावर दोन पावलांएवढी जागा कोरडी होती. बघता बघता तीही भिजली.

आईनं विचारलं, "मावशी आल्या होत्या का?"

"नाही."

दुसऱ्या दिवशी मावशी आली तेव्हा आईनं तिला दारातच सुनावलं. न सांगता दांडी मारता, इथं तापानं माणूस फणफणतंय, काही रीतभात आहे की नाही. मावशीनं आईच्या खांद्यावरून चिमीकडे पाहिलं. चिमीनं पुस्तकाचं पान उलटलं.

"चुकलंच बाई," मावशी म्हणाली.

भांडी घासली, पालथी घातली, आणि ती गेली. पुन्हा आली नाही.

एवढंच असतं तर चिमी कदाचित विसरली असती. पण समुद्रापारच्या विद्यापीठात प्रवेशासाठी निबंध मागितला होता, आणि तिनं लिहिलं, दहा वर्षांची असताना एका पावसाळी दुपारी भांडी घासणाऱ्या बाईला मी दार उघडलं. तिला आत घेतलं, टॉवेल दिला, चुलीपाशी बसवलं. त्या दिवशी मला कळलं की छप्पर हा हक्क आहे. निबंध गाजला. शिष्यवृत्ती मिळाली. पहिल्याच आठवड्यात प्राध्यापिकेनं तो वर्गात वाचून दाखवला आणि एका मुलीनं डोळे टिपले. पुढं सहा वर्षं चिमीनं ती गोष्ट इतक्या जणांना सांगितली की तिला टॉवेलचा रंगसुद्धा आठवू लागला. निळा. कडेला पांढरी पट्टी.

६

दुपारचे तीन वाजले होते. आई आतल्या खोलीत आडवी झाली होती. चिमी स्वयंपाकघरात बुजवलेल्या दारासमोर उभी राहिली. नवं प्लास्टर, त्यावर नवा रंग, काही वेगळं दिसत नव्हतं. तिनं कान लावला.

टप. टप. टप. टप. पलीकडे पागोळ्या पडत होत्या, एकीमागून एक, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मधे मात्र टप नव्हतं. तिथं तडतड होती. प्लास्टिकवर पाणी पडल्याची. आणि ती आता उजव्या हाताला नव्हती. ती अगदी समोर होती. तिच्या कानापासून एक वीट दूर.

तिच्या मनातल्या शास्त्रानं शेवटचं एकदा डोकं वर काढलं: पत्र्यावर गल्लीतली प्लास्टिकची पिशवी उडून अडकली असेल. जाऊन बघावं. आणि जायला निघाल्यावर तिच्या ध्यानात आलं की स्वयंपाकघरातून त्या खोलीत जायला वाट नाही. स्वतःच काढलेला नकाशा. तिला बैठकीच्या खोलीतून पुढच्या दारानं बाहेर पडून, अंगण ओलांडून, घराला अर्धा वळसा घालून, गल्लीतून जावं लागलं. पोचेपर्यंत ती नखशिखांत भिजली.

पत्र्यावर पिशवी नव्हती.

खोलीत भर दिवसाचा करडा उजेड होता. बाक, खुंट्या, नळ, सगळं जिथल्या तिथं. भिंतीलगतची लादी सबंध ओली, आणि त्या ओल्यात, बुजवलेल्या दाराच्या बरोबर समोर, दोन पावलांच्या आकाराची कोरडी जागा. बोटं भिंतीकडे. अंगठा जरा बाहेर वळलेला. त्याच्या वर काही नव्हतं. वर नुसती हवा होती, आणि न दिसणारा पाऊस त्या हवेला वळसा घालून पडत होता.

"मावशी," चिमी म्हणाली. आवाज दहा वर्षांच्या पोरीचा निघाला. "मी चिमी."

तडतड थांबली नाही. पण पाणी हललं. भिंतीकडच्या बोटांवरून ओल हळूच पुढे आली, बोटं मिटली. मागे, टाचांच्या जागी, लादी सुकत गेली. आधी एक अंगठा, मग दुसरा, मग बाकीची बोटं एकेक करून, सावकाश. आता टाचा भिंतीकडे होत्या. बोटं चिमीकडे.

ती पळाली. गल्ली, अंगण, पायऱ्या, पुढचं दार. दार लोटून तिनं कडी लावली, खटकन. आणि लावल्यावर आपल्या हाताकडे बघत राहिली. विचार करायला वेळच नव्हता. हाताला ते येत होतं.

"कोण आलं गं?" आतून आईनं विचारलं.

"कुणी नाही," चिमी म्हणाली.

तिथंच, ओल्या कपड्यांनी, ती दाराला पाठ लावून खाली बसली. बाहेर भीती होती, पण तिला तोंड लपवावंसं वाटत होतं ते भीतीमुळे नव्हे.

७

सकाळी पाऊस थांबला नव्हता. तिनं गवंडीकाकांना फोन करून बोलावलं. ते आले तेव्हा ती स्वयंपाकघरात उभी होती आणि रंगवलेल्या भिंतीवर खडूनं चौकोन काढला होता.

"फोडायचं," ती म्हणाली.

काकांनी चौकोनाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "मी तेव्हाच म्हणत होतो. पण आमचं कोण ऐकतो."

आई चहाचा कप घेऊन आली आणि जागीच थबकली. "हे काय? परवा तर रंग दिला!"

"आई, त्या दिवशी मावशी आल्या होत्या," चिमी म्हणाली. काकांसमोरच. एकटीपाशी बोलायचं ठरवलं असतं तर ती पुन्हा एक मिनिट थांबली असती. "सावकाशमावशी. तुला ताप होता तेव्हा. मी कडी काढली नाही. तुला खोटं सांगितलं. मग त्यांना बोलणी बसली तेव्हाही गप्प बसले. आणि निबंधात लिहिलं की मी दार उघडलं."

आईनं कप ओट्यावर ठेवला.

"ठाऊक आहे मला."

"काय ठाऊक आहे?"

"पाणी प्यायला उठले होते मी. दाराशी तू उभी होतीस, पायरीवर दोन कोरडी पावलं होती. बघितली मी." आई भिंतीकडे बघत बोलत होती. "दुसऱ्या दिवशी त्यांना बोलले ते ठाऊक असूनच बोलले. तुझी चूक कबूल केली असती तर मला त्यांची माफी मागावी लागली असती. आपल्याच स्वयंपाकघरात, भांडीवालीची. नाही जमलं."

काका छिन्नीचं टोक बोटानं तपासत राहिले, त्यांना जणू ऐकूच येत नव्हतं. भिंतीपलीकडे टप, टप, टप चाललं होतं. मधली तडतड आईलाही ऐकू येत असावी. तिनं पदर गळ्याशी ओढून घेतला.

शेवटी काकांनी घसा खाकरला. "दार कसं बसवू? कडी आतून की बाहेरून?"

"दार नको, काका. नुसती चौकट."

"अगं, उघडंच?" आई पुढे आली. तिचा आवाज एकदम खाली गेला, देवघरात बोलावं तसा. "निदान कडी तरी असू दे. चिमे, त्या... त्या आत आल्या तर?"

स्वयंपाकघरात स्टूल एकच होतं. चिमीनं ते ओढून खडूच्या चौकोनासमोर ठेवलं. न्हाणीघरातून टॉवेल आणला, घरात होता तो, विटका, गुलाबी. घडी करून स्टुलावर ठेवला आणि आपण बाजूला उभी राहिली.

"घाला घाव, काका," ती म्हणाली. "सावकाश नको."